अमाल्फीला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण इटलीतल्या अमाल्फीबद्दल पुण्या-मुंबईतून आणि नोकरीनिमित्त युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. भाडी आणि वेळापत्रकं दर मोसमात बदलतात, त्यामुळे ती निघण्याआधी स्वतः तपासा. आमचा आग्रह दोनच गोष्टींचा: जमलं तर समुद्रातून या, आणि एक रात्र तरी मुक्काम करा. पुढची बरीच उत्तरं याच दोन गोष्टींकडे वळतात.

१. अमाल्फी आणि अमाल्फी कोस्ट एकच ना?

नाही. कोस्ट म्हणजे सालेर्नोजवळच्या व्हिएत्रीपासून पोझितानोपर्यंतचा डोंगरी किनारा. त्यात एकूण १३ गावं येतात आणि १९९७ पासून हा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. अमाल्फी हे त्यातलं एक गाव, वस्ती साधारण पाच हजार. हा फरक हॉटेल बुक करताना महत्त्वाचा ठरतो. जाहिरातीत ‘अमाल्फी कोस्ट’ लिहिलेली खोली अमाल्फीपासून बसने तासभर लांब, डोंगरावर असू शकते. पत्त्यात गावाचं नाव काय आहे ते बघा, मगच पैसे भरा.

२. तिथे ऐतिहासिक असं आहे तरी काय? फोटोंत तर नुसती लिंबं आणि निळं पाणी दिसतं.

फोटोंचा दोष आहे तो. व्हेनिस, जिनोआ आणि पिसा यांच्या बरोबरीने नाव घेतलं जातं अशी ही सागरी सत्ता होती. इटलीच्या नौदलाच्या ध्वजावर आजही या चौघांची चिन्हं आहेत. नवव्या शतकात अमाल्फी स्वतंत्र झालं. मागे सरळसोट डोंगर, शेतीला जमीन नाही, म्हणून लोक समुद्रावर पोट भरू लागले. लाकूड, धान्य, कापड घेऊन इजिप्त, सीरिया आणि कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) जायचं आणि येताना सोनं, रेशीम, मसाले आणायचे, असा हा व्यापार. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची मिरी अरबी जहाजांतून इजिप्तपर्यंत यायची आणि तिथून पुढे अशाच व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात पसरायची. जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी रुग्णालय उभारलं तेही अमाल्फीच्याच व्यापाऱ्यांनी. पुढे ‘माल्टाचे सरदार’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या पंथाचं मूळ तिथलं.

मग हे सगळं गेलं कुठे? अकराव्या शतकात नॉर्मन, म्हणजे उत्तर फ्रान्सकडचे लढवय्ये, आले. ११३५ आणि ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने शहर लुटलं. उरलंसुरलं २५ नोव्हेंबर १३४३ च्या रात्रीने संपवलं. त्या रात्रीच्या लाटांनी बंदर आणि खालचं गाव समुद्रात ओढून नेलं. स्ट्राँबोली ज्वालामुखीचा कडा कोसळून उठलेली त्सुनामी हे त्याचं कारण असावं, असं अलीकडचे संशोधक मानतात. म्हणजे तुम्ही आज जे अमाल्फी बघता ते मूळ शहराचा वरचा तुकडा आहे. जहाजं बांधायच्या जुन्या गोदीच्या दगडी कमानी मात्र अजून उभ्या आहेत, धक्क्यासमोरच्या रस्त्याला लागूनच. आत छोटं संग्रहालय आहे. तिथे आधी जा, म्हणजे बाकीचं गाव नीट उलगडतं.

बसथांब्याच्या चौकात होकायंत्र हातात घेतलेला पुतळा आहे, होकायंत्राचा जनक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या फ्लाव्हियो जोयाचा. हा माणूस बहुधा झालाच नाही, असं इतिहासकार म्हणतात. फोटो काढायला हरकत नाही.

३. जायचं कसं? रेल्वे थेट जाते का?

अमाल्फीला रेल्वे नाही. दोन मुख्य मार्ग आहेत: सोरेंतोकडून किंवा सालेर्नोकडून. बहुतेक सगळे सोरेंतोकडून जातात, कारण टूर कंपन्यांनी तोच मार्ग डोक्यात बसवला आहे. आमचं मत सालेर्नो. रोमहून वेगवान गाडीने सुमारे दोन तासांत, नेपल्सहून पाऊण तासाच्या आसपास सालेर्नो येतं (तिकिटावर नेपल्स म्हणजे ‘नापोली चेंत्राले’). स्टेशनातून चालत पाच-सात मिनिटांवर पियाझ्झा देल्ला कोंकोर्दियाचा धक्का आहे. तिथून बोट पकडली की सुमारे ३५ मिनिटांत अमाल्फी. वळणं नाहीत, ट्रॅफिक नाही, आणि जुने दर्यावर्दी जसे गावात शिरायचे तसेच तुम्ही शिरता: आधी डोंगराची भिंत, मग तिच्या खाचेत अडकलेली पांढरी घरं, मग मनोरा.

एकच मेख: बोटी वर्षभर नसतात. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर धरून चाला, आणि समुद्र खवळला तर मोसमातही रद्द होतात. तेव्हा बस (प्रश्न ७).

२०२४ पासून सालेर्नोचा विमानतळही प्रवासी विमानांसाठी सुरू झाला आहे. युरोपातून येणाऱ्यांनी तिकीट शोधताना नेपल्सबरोबर तोही टाकून पाहावा.

४. आम्हाला मुलांच्या शाळेमुळे मे किंवा दिवाळीची सुट्टीच मिळते. कोणती बरी?

मे, डोळे झाकून. उन्हं सोसवतात, बोटी चालू असतात, लिंबाच्या बागा फळांनी लगडलेल्या असतात. पाणी थोडं गार असतं, एवढंच.

दिवाळीचं गणित तिथीवर आहे. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली तर छान, गर्दी ओसरलेली आणि समुद्र अजून कोमट. नोव्हेंबरात गेली तर बोटी बंद, निम्मी हॉटेलं बंद आणि पाऊस. जुलै आणि ऑगस्ट टाळता आले तर टाळा. १५ ऑगस्टला सगळा इटली सुट्टीवर असतो आणि त्यातला बराचसा या किनाऱ्यावर असतो.

५. नेपल्सला मुक्काम करून अमाल्फी एका दिवसात होईल का?

होईल, पण दिसेल काय? सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात क्रूझची आणि टूर बसची माणसं एकदम उतरतात आणि मुख्य गल्लीत खांद्याला खांदा लागतो. संध्याकाळची शेवटची बोट गेली की हेच गाव आपल्या माणसांना परत मिळतं. म्हाताऱ्या बायका उंबऱ्यात खुर्ची टाकून बसतात, चौकात मुलं कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बॉल आपटतात. एकच दिवस हातात असेल तर पहिली बोट पकडून या, कॅथेड्रल आणि कागदाचं संग्रहालय अकराच्या आत उरका आणि गर्दीच्या वेळी आत्रानीत जाऊन बसा (प्रश्न १४). पोझितानो आणि रावेल्लो त्याच दिवसात कोंबू नका.

६. राहायला अमाल्फी बरं की पोझितानो? आणि खिशाला परवडेल असं काही?

पोझितानो देखणं आहे, पण ते उभं गाव आहे आणि महागही. अमाल्फीला जवळजवळ सपाट मुख्य रस्ता, चौक, बसचा अड्डा आणि बोटीचा धक्का सगळं हाकेच्या अंतरावर. चार माणसांच्या कुटुंबाला अमाल्फीच सोयीचं.

खिशाचं म्हणाल तर मिनोरी आणि मायोरी बघा. तिथे इटालियन कुटुंबं येतात, भाव त्यातल्या त्यात वाजवी असतात. मायोरीला किनाराही लांबलचक आहे. सगळ्यात स्वस्त पडतं सालेर्नो: खरंखुरं शहर, मोठा बाजार, सकाळी बोटीने येऊन संध्याकाळी परत. आमच्या आग्रहात ते बसत नाही, पण बजेट आग्रहाला जुमानत नाही. भाड्याखेरीज माणशी, रात्रीमागे स्थानिक पर्यटक कर द्यावा लागतो. तो बहुतेकदा तिथेच वेगळा घेतात.

७. बसची नीट माहिती द्या. आणि आमच्या घरात सगळ्यांना गाडी लागते.

सीता सूद या कंपनीच्या बस सोरेंतो ते अमाल्फी आणि अमाल्फी ते सालेर्नो अशा धावतात. रावेल्लो आणि आजेरोलासाठी अमाल्फीहूनच दुसरी बस मिळते. तिकीट चढण्याआधी घ्या. ‘ताबाक्की’ म्हणजे विडी-काडीच्या दुकानात मिळतं, दाराशी पांढरं ‘टी’ असलेली पाटी असते. चढल्यावर ते यंत्रात छापून घ्यायचं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच, आणि दंड करताना परदेशी म्हणून सूट देत नाहीत. दिवसात तीन-चार वेळा बस धरणार असाल तर २४ तासांचा पास घ्या.

समुद्र बघायचा तर सोरेंतोहून येताना उजवीकडे बसा, सालेर्नोहून येताना डावीकडे. गाडी लागणाऱ्यांनी मात्र ही हौस सोडावी. वरंधा घाटाची वळणं घ्या, एका बाजूला तशीच दरी ठेवा आणि समोरून मोठी बस येतेय असं समजा. सोरेंतोहून सुमारे पावणेदोन तास हेच. गोळी घरूनच घेऊन निघा, पुढच्या सीटवर बसा, मोबाईलमध्ये डोकं घालू नका. आणि मधल्या थांब्यावर उन्हाळ्यात बस भरून येते, न थांबता निघूनही जाते, म्हणून शक्यतो पहिल्याच थांब्यावरून चढा.

८. त्यापेक्षा गाडी भाड्याने घेतली तर?

घेऊ नका. रस्ता अरुंद, पार्किंग महाग आणि दुर्मिळ. शिवाय एसएस १६३ या किनारी रस्त्यावर मोसमात ठरावीक दिवशी दिवसा सम-विषम नंबर प्लेटचा नियम लागू असतो आणि ऑगस्टमध्ये तर रोज. भाड्याच्या गाडीची प्लेट कोणती येईल ते तुमच्या हातात नसतं. गावांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग आहेत. कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं.

तरीही घ्यायचीच असेल तर भारतीय लायसन्सबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. गाडी अमाल्फी आणि आत्रानीच्या मधल्या, डोंगर पोखरून केलेल्या लूना रोस्सा पार्किंगमध्ये लावा आणि निघेपर्यंत तिला हात लावू नका.

९. कॅथेड्रलमध्ये आत काय बघायचं? हाफ पँट चालते का?

चालत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी किंवा स्टोल जवळ ठेवला तरी काम भागतं. प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांनी फिरू नये.

समोरची पट्ट्यापट्ट्यांची झगझगीत भिंत मध्ययुगातली नाही. जुनी १८६१ मध्ये कोसळली आणि आत्ताची १८९१ मध्ये पुरी झाली. खरी जुनी चीज तिच्या मधोमध आहे आणि लोक तिला पाठ टेकून सेल्फी घेतात: काशाचा दरवाजा. तो अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतून, पान्तालेओने नावाच्या अमाल्फीच्या धनाढ्य व्यापाऱ्याने इथे आणवला. जवळ जाऊन बघा, मधल्या चौकटींत ख्रिस्त, मेरी आणि संत दिसतात. त्या वेळी इटलीत असं काम करणारं कुणी नव्हतं, म्हणून दारसुद्धा समुद्रापलीकडून मागवलं.

तिकीट काढून जायचं ते स्वर्गाच्या अंगणात, किओस्त्रो देल पारादिझोमध्ये. तेराव्या शतकातलं हे अंगण म्हणजे गावातल्या मातब्बर घराण्यांचं दफनस्थान. एकमेकींत गुंफलेल्या टोकदार पांढऱ्या कमानी बघून कोणालाही अरबी वास्तुकला आठवेल, आणि ते बरोबरच आहे. पुढे तळघरात येशूचा शिष्य संत आंद्रेयाच्या अस्थी आहेत. चौथ्या धर्मयुद्धात कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं, त्यानंतर त्या इथे आणल्या गेल्या. या संताच्या उत्सवाबद्दल प्रश्न १७.

१०. कागदाचं संग्रहालय मुलांना कंटाळवाणं होईल का?

उलट, मुलांना गावात सगळ्यात जास्त तेच आवडतं. मुख्य रस्त्याने वर चालत राहा. दुकानं विरळ होतात, वाटेत एका जुन्या कारंज्याच्या पाण्यात येशूजन्माच्या देखाव्यातली चिमुकली माणसं बारा महिने बसलेली दिसतात, आणि मग गिरण्यांच्या खोऱ्यात जुन्या कागद गिरणीतलं हे संग्रहालय लागतं.

कागद करायची विद्या अमाल्फीला अरबांकडून मिळाली आणि ती ओढ्याच्या पाण्यावर इथे रुजली. सुती आणि लिननच्या चिंध्या दगडी हौदात टाकायच्या. पाणचक्कीवर चालणारे, खिळे ठोकलेले लाकडी हातोडे त्यांचा लगदा करतात. तो हातोडा चालू करून दाखवतात तेव्हा पायाखालची जमीन थरथरते. मग तारेच्या जाळीची चौकट लगद्यात बुडवून वर काढायची, पाणी निथळलं की ओला कागद लोकरीच्या तुकड्यावर पालथा करायचा. बहुतेक वेळा पाहुण्यांनाही एक कागद काढू देतात. उजेडासमोर धरला की जाळीच्या रेघा आणि जलचिन्ह दिसतं. १९५४ च्या पुरात खोऱ्यातल्या बऱ्याच गिरण्या गेल्या, पण हाताने कागद करणारे अजून आहेत. लग्नपत्रिकेसाठी दोन-चार ताव घेऊन आलेले लोक आम्हाला माहीत आहेत.

११. समुद्रात पोहता येतं का? वाळू आहे का?

येतं. वाळू म्हणावी अशी नाही. करड्या खड्यांचा किनारा आहे, रबरी चपला न्या. बराचसा भाग छत्री-खुर्ची भाड्याने देणाऱ्यांकडे असतो. पाटीवर ‘स्पियाज्जा लिबेरा’ लिहिलेला तुकडा फुकट. पाणी चटकन खोल होतं, लहान मुलांवर नजर हवी. ओल्या कपड्यांनी किंवा उघड्या अंगाने गावात फिरू नका, दंड होऊ शकतो.

१२. आम्ही शुद्ध शाकाहारी. उपासमार होईल का? अंडं, कांदा-लसूणही चालत नसेल तर?

उपासमार होणार नाही, पण ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मांस नसलेलं ताट येतं; मासळी त्यात चालते असं तो धरून चालतो. शेजारच्या चेताराची ‘कोलातुरा’ म्हणजे मुरवलेल्या अँचोव्हीचा अर्क, तो भाजीवर आणि पास्त्यावर सहज शिंपडतात. म्हणून ऑर्डर देताना ‘सेन्सा कार्ने, सेन्सा पेशे, सेन्सा आलीची’ (मांस, मासे, अँचोव्ही नको) असं तिन्ही सांगा.

बिनधास्त मागवा: मार्गारिता पिझ्झा, टोमॅटो-तुळशीतला पास्ता, कप्रेझे सॅलड, भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरच्या. शालातिएल्ली हा इथलाच जाडसर ताजा पास्ता, पण तो बहुतेकदा शिंपल्यांबरोबर येतो. टोमॅटोत करून मागा. कणकेत अंडं असतं का तेही विचारा.

अडचणीच्या जागा वेगळ्याच असतात. पारमिजानो चीज वासराच्या रेनेटने (पोटातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) करतात. कडक असाल तर चीज न घातलेला मारिनारा पिझ्झा घ्या, मात्र त्यात लसूण असतो. स्फोल्यातेल्ला या गोड पेस्ट्रीच्या कुरकुरीत पापुद्र्यांत परंपरेने डुकराची चरबी असते. ‘देलित्सिया अल लिमोने’ हा लिंबाचा घुमटासारखा केक स्वर्गीय, पण अंड्याशिवाय होत नाही. जैन मंडळींनी ‘सेन्सा आल्यो, सेन्सा चिपोल्ला’ (लसूण नको, कांदा नको) म्हणावं. मार्गारिताच्या सॉसमध्ये बहुधा दोन्ही नसतात, तरी विचारून घ्या. पूर्ण खात्री हवी तर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. टोमॅटो, वांगी, झुकिनी अशी मिळतात की कुकर आठवणार नाही.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लावलेले असतात. ती लूट नव्हे, टेबलाचा दर आहे. टिप सक्तीची नाही.

आणि लिंबू. इथला स्फुसातो जातीचा लिंबू तळहाताएवढा, लांबट, टोकदार. त्याची पांढरी जाड साल कडू नसते. चकत्या कापून मीठ लावून सालीसकट खा.

१३. आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का? बाबागाडीचं काय?

धक्का, चौक आणि मुख्य रस्ता झेपेल. तो हलका चढ आहे, कारण त्याखालून झाकलेला ओढा वाहतो. कॅथेड्रलला साठेक पायऱ्या सलग चढाव्या लागतात. हॉटेल निवडताना ‘रस्त्यापासून किती पायऱ्या? लिफ्ट कुठून सुरू होते?’ हे लेखी विचारा. लिफ्ट आहे म्हणतात, पण ती कधी कधी ऐंशी पायऱ्यांनंतर असते. बाबागाडी हलकी, घडीची न्या. मोठ्या बॅगा शक्य तर सालेर्नो किंवा नेपल्सला ठेवून या.

१४. आजूबाजूला चालत काय करता येईल?

आत्रानी: पादचारी बोगद्यातून दहा मिनिटं. क्षेत्रफळाने इटलीतली सगळ्यात छोटी नगरपालिका, एक चौक, एक किनारा आणि अमाल्फीच्या मानाने शुकशुकाट.

रावेल्लो समुद्रापासून सुमारे ३५० मीटर उंचावर. बसने वर जा, व्हिला रुफोलोची बाग बघा (१८८० मध्ये जर्मन संगीतकार वाग्नर ती बघून हरखला आणि आपल्या ऑपेरातली जादूची बाग त्याला तिथे सापडली), आणि पायऱ्यांच्या वाटेने उतरा. उलटं करू नका. ‘देवांची वाट’ नावाचा प्रसिद्ध ट्रेक आजेरोलातल्या बोमेरानोहून सुरू होऊन पोझितानोवरच्या नोचेल्लेला संपतो. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना तो सोपा वाटेल, फक्त पाणी आणि टोपी विसरू नका.

१५. मी लंडनला असतो, पासपोर्ट भारतीय आहे. वेगळा व्हिसा लागेल का?

लागेल. ब्रिटनचा किंवा आयर्लंडचा व्हिसा इटलीत चालत नाही. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) काढावा लागतो आणि तो तुम्ही राहता तिथूनच. जर्मनी, नेदरलँड्स अशा शेंगेन देशाचं वैध रेसिडेन्स परमिट असेल तर नको. १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. भारतातून येणाऱ्या आई-बाबांचा अर्ज, ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री आहेत त्याच्याकडे करायचा. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो.

१६. लिमोनचेल्लो आणि लिंबं भारतात आणता येतील का?

लिमोनचेल्लो ही दारू आहे, सरबत नाही. सासूबाईंना देण्याआधी सांगा. भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. बाटली चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. ताजी लिंबं आणू नका, प्लांट क्वारंटाइनचे नियम आड येतात.

१७. आमचं तिकीट नोव्हेंबरअखेरचंच आहे. रद्द करू का?

थांबा. प्रश्न ४ मध्ये नोव्हेंबर टाळा म्हटलं, पण ३० नोव्हेंबर हा संत आंद्रेयाचा दिवस. मिरवणुकीच्या शेवटी त्याची जड मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं कॅथेड्रलच्या त्याच पायऱ्या धावत चढतात. असाच उत्सव २७ जूनलाही असतो. १५४४ मध्ये त्या दिवशी तुर्की आरमारप्रमुख बार्बारोसाचं आरमार चालून आलं असता वादळाने त्याची दाणादाण उडवली, ही संताचीच कृपा अशी गावाची श्रद्धा. जूनमध्ये गर्दी पर्यटकांची, नोव्हेंबरात गावाची.

तयारी वेगळी हवी: बोटी नाहीत असं धरून सालेर्नोहून बसने या, हॉटेल उघडं आहे ना ते ईमेलने पक्कं करा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री नेपल्सला पोचलेले असा. पावसात डोंगर घसरून रस्ता बंद पडतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमाल्फीच्या वेशीवरच असं झालं होतं. बस-रेल्वेचा संप आधी जाहीर होतो, ‘शोपेरो’ (sciopero, म्हणजे संप) हा शब्द टाकून आदल्या आठवड्यात शोधून बघा.